शिक्का नको, हिशेब दाखवा

महाराष्ट्राच्या २०११-१२च्या आर्थिक पाहणी अहवालात एक तक्ता होता. एकूण पिकांखालच्या क्षेत्रापैकी ओलिताखालचे क्षेत्र दशकाच्या सुरुवातीला १७.८ टक्के होते आणि २००९-१०मध्ये १७.९ टक्के झाले, असे त्यातून दिसत होते. त्यावरून ‘सत्तर हजार कोटी खर्चून सिंचन वाढले ०.१ टक्का’ हे वाक्य तयार झाले आणि विधिमंडळात, जाहीर सभांत, वाहिन्यांच्या चर्चांत ते वर्षानुवर्षे फिरत राहिले. याच वादात २०१२च्या सप्टेंबरात तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला. नोव्हेंबरअखेर जलसंपदा विभागाची श्वेतपत्रिका आली. तिच्यात दहा वर्षांतली वाढ ५.१७ टक्के दाखवलेली होती. एकाच सरकारचे दोन कागद आणि त्यांत एवढे अंतर.

नेत्यांचे दावे तपासून त्यांच्यावर ‘खरे’, ‘खोटे’, ‘अर्धसत्य’ असे शिक्के मारण्याची रीत माध्यमांत आहे. या वाक्याची पडताळणी करणाऱ्या पत्रकाराने ‘खरे’ असा शिक्का मारला असता, तर त्याच्या हाती आर्थिक पाहणी अहवाल होता. ‘खोटे’ असा मारला असता, तर श्वेतपत्रिका होती. दोघांनीही सरकारी पुरावा दिला असता आणि दोघांनीही वाचकाची दिशाभूल केली असती.

कारण इथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच ‘सिंचन’ या नावाने वावरतात. निर्मित सिंचनक्षमता म्हणजे धरण, कालवा, वितरिका बांधून झाल्यावर जेवढ्या जमिनीला पाणी देता येईल असे कागदावर ठरते ती. प्रत्यक्ष सिंचित क्षेत्र म्हणजे त्या वर्षी खरोखर भिजलेली जमीन. कालव्याच्या लाभक्षेत्रात तिचा हिशेब शेतकऱ्यांनी भरलेल्या नमुना सातच्या पाणी अर्जांवर आणि मोजणीवर बसवला जातो. तिसरा आकडा पीक पाहणीतला, त्या काळी तलाठ्याच्या गाव नमुना बारावरून वर गेलेला. त्यात विहीर, बोअर, उपसा असे सगळे ओलित यायला हवे, पण बांधावर जाऊन नोंद किती झाली आणि चावडीत बसून किती, यावर त्याचा भरवसा ठरत होता. शिवाय छेद वेगळा. एकूण पिकांखालच्या क्षेत्रात खरीप आणि रब्बी अशी दोन पिके घेतलेली जमीन दोनदा धरली जाते, लागवडीलायक क्षेत्रात एकदाच. छेद बदलला की टक्केवारी हलते, जमीन तेवढीच राहते. त्यात १७.८वरून १७.९ ही वाढ ०.१ टक्केबिंदूची आहे, टक्क्याची नव्हे. सत्तर हजार कोटींचेही तसेच. तो खर्च नेमका कोणत्या वर्षांचा, अपूर्ण धरणांत अडकलेला पैसा त्यात किती, लाभक्षेत्र तयार होण्याआधीच नुसत्या भिंतीवर गेलेला किती, हे सांगितल्याशिवाय त्याची ओलिताच्या टक्क्याशी सांगड घालता येत नाही.

मग प्रामाणिक निष्कर्ष कोणता? आर्थिक पाहणीतला आकडा नेत्यांनी बरोबर उद्धृत केला, पण तो आकडा धरणांच्या कामगिरीचे थेट मोजमाप नव्हता. श्वेतपत्रिकेतली वाढही वेगळ्या मोजणीवरची होती. आणि एवढ्या खर्चाच्या मानाने पाणी शेतापर्यंत किती पोचले, हा प्रश्न दोन्ही कागदांनंतर शिल्लकच राहिला. त्यासाठी जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमावे लागले. हे सगळे एका रंगीत शिक्क्यात मावत नाही.

नेत्यांच्या दाव्यांच्या माध्यमांनी केलेल्या पडताळणीवर विश्वास ठेवायचा की नाही, हा वाद आता कायमचा झाला आहे. एका बाजूच्या मते पडताळणी म्हणजे अंतिम निकाल, दुसऱ्या बाजूच्या मते पत्रकारांनी पक्षीय मताला चढवलेला शास्त्राचा मुलामा. माझ्या मते दोघेही चुकीच्या जागी बघतात. पडताळणीची विश्वासार्हता तिच्या निकालात नसते, ती त्या निकालापर्यंतच्या वाटेत असते. वाचकाला तीच कागदपत्रे उघडून, तीच आकडेमोड करून त्याच जागी पोचता आले, तर पडताळणी विश्वासार्ह. करणारी संस्था कोणाची, याने फरक पडतो, पण त्यानंतर. म्हणून ‘अर्धसत्य’, ‘बहुतांशी खोटे’ असली श्रेणी देण्याची पद्धत माध्यमांनी सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही पद्धत अमेरिकेतून आली. तिथे फॅक्टचेक डॉट ऑर्ग हे पडताळणीचे संकेतस्थळ २००३मध्ये सुरू झाले, पॉलिटिफॅक्ट २००७मध्ये. पॉलिटिफॅक्टने विधानाची श्रेणी दाखवणारा सत्यमापक काटा लोकप्रिय केला आणि २००९मध्ये त्या कामाला पत्रकारितेचा पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्याच काट्याची अडचण बराक ओबामांच्या एका आश्वासनाने दाखवून दिली. ‘तुमची आरोग्यविमा योजना तुम्हाला आवडत असेल, तर ती तुमच्याकडे राहील’ या विधानाला २००८मध्ये ‘खरे’ अशी श्रेणी मिळाली. पुढे २००९मध्ये आणि पुन्हा २०१२मध्ये ते ‘अर्धसत्य’ ठरले. २०१३मध्ये विमा कंपन्यांनी लाखो लोकांना योजना रद्द झाल्याची पत्रे धाडली, तेव्हा त्याच संस्थेने ते त्या वर्षीचे सर्वांत मोठे असत्य ठरवले. टीकाकारांनी यावरून पक्षपाताचा गवगवा केला. मूळ चूक साधी होती. २००८मध्ये ओबामांचा आरोग्यविमा कायदा लिहिलाच गेला नव्हता. जे अजून घडलेले नाही त्याबद्दलच्या वचनाला खरे-खोटे ठरवता येत नाही. फार तर एवढेच सांगता येते, की प्रस्तावाचा मसुदा असा आहे, त्यात जुन्या योजना टिकण्याची ही अट आहे आणि ती मोडण्याचा धोका अमुक ठिकाणी आहे. मापकाला मात्र काटा कुठेतरी टेकवावाच लागतो.

दोन संस्था एकाच दाव्याबद्दल सारखे बोलतात का, याचा अभ्यास झालेला आहे. संशोधक क्लोई लिम यांनी २०१८मध्ये पॉलिटिफॅक्ट आणि वॉशिंग्टन पोस्ट यांच्या पडताळण्या शेजारी ठेवून पाहिल्या. दोघांनी तपासलेले समान दावे मुळातच थोडे निघाले, दहातला सुमारे एक. धडधडीत खोट्याबद्दल दोघांचे बऱ्यापैकी जुळले, मधल्या श्रेण्यांत मात्र एकमत कमी होते. २०२३मधल्या दुसऱ्या अभ्यासात स्नोप्स ही आणखी एक पडताळणी संस्था आणि पॉलिटिफॅक्ट यांचे ७४९ समान दावे तपासले गेले आणि श्रेण्यांच्या मोजपट्टीतला फरक बाजूला केल्यावर खरा विरोध एकाच दाव्यात उरला. हे दोन निष्कर्ष एकमेकांना छेद देणारे वाटतील, पण ते एकच गोष्ट सांगतात. काय घडले, कोणता आकडा आहे, यावर काळजीने काम करणाऱ्यांचे सहसा जुळते. बिघडते ते त्याला ‘अर्धे’ म्हणायचे की ‘बहुतांशी’ हे ठरवताना. म्हणजे पडताळणीचा सर्वांत कच्चा भाग तोच आपण मथळ्यात सर्वांत ठळक छापतो.

पक्षपाताच्या आरोपाकडेही नीट बघायला हवे, कारण त्यात तथ्य आहे. फक्त ते जिथे शोधले जाते तिथे नाही. अमुक संस्थेने अमुक पक्षाची ७० विधाने खोटी ठरवली आणि दुसऱ्याची ३०, म्हणून संस्था पक्षपाती, असा युक्तिवाद होतो. त्याच आकड्यांवरून दुसरे म्हणतात, म्हणून पहिला पक्ष जास्त खोटारडा. दोन्ही अनुमाने टिकत नाहीत. तपासलेली विधाने ही नेत्याच्या सगळ्या विधानांचा यादृच्छिक नमुना नसतात. संशयास्पद वाटले, गाजले किंवा तपासता येण्यासारखे होते, म्हणून ती निवडलेली असतात. सत्ताधारी आकड्यांत बोलतो, कारण योजना त्याच्या आणि आकडेही त्याचेच. विरोधक हेतूंविषयी बोलतो आणि हेतू तपासता येत नाही. सत्ताधाऱ्यांची नोंद त्यामुळे आपोआप जास्त होते. वॉशिंग्टन पोस्टने डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कार्यकाळातली ३०,५७३ खोटी वा दिशाभूल करणारी विधाने नोंदवली. त्या यादीत एकच दावा पुन्हा केला की पुन्हा मोजला जात होता. यादी पत्रकारितेच्या दृष्टीने मोलाची आहे, कारण प्रत्येक नोंदीला तारीख आणि ठिकाण आहे. पण त्या एकूण बेरजेने दुसऱ्या कोणाशी तुलना करता येत नाही, कारण दुसऱ्या कोणाचे प्रत्येक वाक्य तसे मोजलेच गेले नाही.

पक्षपात शिरतो तो निवडीत, आणि निवड उघड केली की तो निम्मा कमी होतो. एका सभेतली तपासण्याजोगी सगळी विधाने आधी लिहून काढायची, त्यातली कोणती घेतली, कोणती सोडली आणि का, हे पडताळणीच्या खाली छापायचे. खर्च अर्ध्या रकान्याचा आहे. ‘आकडा बरोबर आहे, म्हणून पुढे गेलो नाही’ असे एखाद्या विधानापुढे छापले जाणे हे नेत्याच्या दृष्टीनेही न्यायाचे असते.

भारतात निवडीचा प्रश्न आणखी एका कारणाने गंभीर आहे. इथल्या पडताळणीतला मोठा हिस्सा व्हायरल व्हिडिओ, जुने फोटो आणि बनावट कात्रणे यांचा असतो. नेत्याने व्यासपीठावरून केलेल्या आर्थिक दाव्याची पडताळणी त्या मानाने विरळ. याला पैशाचे गणित कारणीभूत आहे. पॉइंटर या अमेरिकी पत्रकारिता संस्थेच्या आंतरराष्ट्रीय पडताळणी जाळ्याची मान्यता असलेल्या अनेक संस्थांना फेसबुकच्या, म्हणजे मेटाच्या, कार्यक्रमातून मोबदला मिळत आला आहे. त्याच कंपनीने २०१९मध्ये जाहीर केले, की राजकारण्यांची थेट विधाने या कार्यक्रमात तपासणीसाठी येणार नाहीत. म्हणजे गल्लीतल्या माणसाने पसरवलेली अफवा तपासली तर पैसे, मंत्र्याने केलेला दावा तपासला तर ते स्वतःच्या खर्चाने. जानेवारी २०२५मध्ये मेटाने अमेरिकेतला कार्यक्रमच गुंडाळण्याची घोषणा केली, तेव्हा एकाच ग्राहकावर उभे असलेले हे काम किती डळमळीत आहे ते सगळ्यांना दिसले. नेत्यांच्या दाव्यांची पडताळणी वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी आपल्या संपादकीय खर्चातूनच करायला हवी. ते बाहेरून कोणी करून देणार नाही.

सरकारने तर नाहीच. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा (पीआयबी) पडताळणी कक्ष २०१९पासून आहे. सरकारने आपल्याबद्दलच्या चुकीच्या बातमीचा खुलासा करावा, त्यात वावगे काही नाही. पण एप्रिल २०२३च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतल्या दुरुस्तीने केंद्राच्या कामकाजाविषयी काय खोटे हे ठरवण्याचा अधिकार केंद्राच्याच कक्षाला मिळणार होता आणि त्याने खोटे ठरवलेला मजकूर ठेवणाऱ्या समाजमाध्यमांचे कायदेशीर संरक्षण धोक्यात येणार होते. मुंबई उच्च न्यायालयात याला आव्हान मिळाले. ३१ जानेवारी २०२४ला न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांचे मत विभागले गेले. २० मार्चला केंद्राने कक्ष अधिसूचित केला आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. २० सप्टेंबरला तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदुरकर यांनी ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. माध्यमांत या निकालाचे स्वागत झाले ते योग्यच. पण न्यायालयाने सरकारला जे नाकारले, ते पुराव्याविना शिक्का मारण्याचे सुख माध्यमांनी स्वतःकडेही ठेवू नये. लाल अक्षरांत ‘फेक’ आणि खाली एका ओळीचा खुलासा, ही रीत सरकारी असो वा खासगी, तिच्यात तपासण्यासारखे काही नसते.

प्रत्यक्ष कामात चूक कुठे होते, ते बघायचे तर सुरुवात विधानाच्या शब्दांपासून करावी लागते. नरेंद्र मोदींनी नोव्हेंबर २०१३मध्ये छत्तीसगडच्या कांकेर इथे केलेल्या भाषणात बाहेरचा काळा पैसा परत आला तर गरिबाला असेच १५-२० लाख मिळतील, अशा आशयाचे बोलणे होते. ‘प्रत्येकाच्या खात्यात १५ लाख टाकण्याचे वचन दिले’ हे विरोधकांचे सांगणे आणि ‘असे ते कधी बोललेच नाहीत’ हे समर्थकांचे सांगणे, दोन्ही त्या ध्वनिचित्रफितीशी जुळत नाही. ‘तर’ हा शब्द गळला की वचन होते आणि ‘तर’वरच बोट ठेवले की श्रोत्याच्या मनात जागवलेली आशा गायब होते. म्हणून पडताळणीत आधी मूळ भाषेतली पूर्ण दोन-तीन वाक्ये, चित्रफितीतली वेळ आणि मागचा-पुढचा संदर्भ द्यावा. मराठी भाषण इंग्रजीत जाऊन परत मराठीत येते तेव्हा तर अटी, शक्यता आणि टोमणे सगळेच सपाट होतात.

त्यानंतर व्याख्या. २८ एप्रिल २०१८ला मणिपूरचे लेइसांग गाव जोडले गेले आणि देशातल्या प्रत्येक गावात वीज पोचल्याचे पंतप्रधानांनी जाहीर केले. २००४पासूनच्या व्याख्येनुसार गावात किमान १० टक्के घरांत आणि शाळा, पंचायत, दवाखान्यासारख्या सार्वजनिक जागी वीज असली की गाव विद्युतीकृत. त्या व्याख्येने दावा बरोबर होता. ‘प्रत्येक घरात’ असे ऐकणाऱ्याच्या दृष्टीने तो बरोबर नव्हता. व्याख्या या सरकारच्या आधीपासूनची होती, हेही सांगायला हवे, नाहीतर पडताळणीच अर्धवट राहते.

सरकारचीच दोन मोजमापे भांडतात तेव्हा मोजणारा कोण ते बघावे. २ ऑक्टोबर २०१९ला ग्रामीण भारत हागणदारीमुक्त घोषित झाला. तो आधार स्वच्छ भारत अभियानाच्या नोंदींचा होता, म्हणजे बांधलेल्या शौचालयांचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातली, शहरी-ग्रामीण मिळून, १९ टक्के कुटुंबे कोणतेही शौचालय वापरत नव्हती. एक आकडा यंत्रणेने आपल्याच कामाचा दिलेला, दुसरा कुटुंबाला विचारून आलेला. लाभार्थ्याच्या तोंडून आलेला आकडा मी अधिक भरवशाचा मानेन, आणि का मानतो ते लिहीन.

तारीख हा आणखी एक सापळा. २०१०-११मधली आर्थिक वाढ जुन्या मालिकेत १०.३ टक्के होती, नोव्हेंबर २०१८च्या सुधारित मालिकेत ती ८.५ टक्के झाली. २०१४मध्ये पहिला आकडा सांगणारा नेता खोटे बोलत नव्हता. ज्या दिवशी विधान झाले त्या दिवशी कोणता आकडा उपलब्ध होता, यावर त्याला जोखावे आणि नंतरचा बदल वेगळा सांगावा.

महाराष्ट्रातल्या बातमीदाराला हेच दावे पुन्हा पुन्हा भेटतात, म्हणून त्यांच्या फायली आधीच तयार ठेवता येतात. कर्जमाफी घ्या. जून २०१७मध्ये ३४,०२२ कोटींची आणि ८९ लाख शेतकऱ्यांची घोषणा झाली. नंतर अर्ज, छाननी, हिरवी-पिवळी-लाल यादी, दीड लाखाची मर्यादा, त्यावरच्यांसाठी एकरकमी परतफेडीची अट. खात्यात प्रत्यक्ष पडलेली रक्कम घोषणेपेक्षा बरीच कमी राहिली. त्यामुळे ‘आम्ही ३४ हजार कोटी दिले’ असे कोणी म्हटले की विचारायचे ते घोषित, मंजूर, बँकेला वर्ग आणि खात्यात जमा या चारांपैकी कोणते. अर्थसंकल्पातल्या तरतुदींचेही तेच. तरतूद, सुधारित अंदाज, वितरण आणि खर्च हे चार वेगळे आकडे असतात आणि वितरण-खर्चाची स्थिती राज्याच्या बीम्स या ऑनलाइन अर्थसंकल्प प्रणालीवर बघता येते.

परकीय गुंतवणुकीत राज्य पहिले की दुसरे, यावर दर तिमाहीला कुरघोडी होते. राज्यनिहाय आकडे ऑक्टोबर २०१९पासूनच मिळतात. त्याआधीचे रिझर्व्ह बँकेच्या विभागीय कार्यालयांनुसार असत आणि मुंबई कार्यालयात दादरा-नगर हवेली, दमण-दीवही येत. २०१९च्या अलीकडचा आणि पलीकडचा आकडा एका आलेखात जोडून ‘आमच्या काळात घट’ किंवा ‘वाढ’ सांगणारा, कोणत्याही पक्षाचा असो, चुकतोच.

शेतकरी आत्महत्यांबाबत तर ही काटेकोरता माणुसकीची बाब आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा पोलिसांच्या नोंदीवरून येतो आणि २०१४पासून त्यात शेतकरी व शेतमजूर वेगळे दाखवतात. २०२२मध्ये महाराष्ट्रात दोन्ही मिळून ४,२४८ जणांची नोंद आहे. महसूल खात्याची यादी निराळी. तिथे प्रकरण जिल्हा समितीपुढे जाते, कुटुंबाच्या नावावर सातबारा आहे का, कर्ज बँकेचे वा परवानाधारक सावकाराचे आहे का, थकले होते का, हे बघून ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. पात्र ठरले तरच एक लाखाची मदत. मंत्री सभागृहात पात्र प्रकरणे सांगतो, विरोधक एकूण नोंदी सांगतो आणि दोघे एकमेकांना खोटे म्हणतात. मजुराच्या किंवा दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याच्या मृत्यूचा यात कुठे हिशेब लागला, हे सांगणे हीच खरी पडताळणी. इथे ‘अर्धसत्य’चा शिक्का मारून मोकळे होणे मला अक्षम्य वाटते.

सभा रात्री संपते आणि शहर आवृत्ती थोड्याच वेळात छापायला जाते, ही अडचण खरी आहे. त्या रात्री निकाल देण्याची गरज नाही. मथळ्यात नेत्याचे वाक्य अवतरणचिन्हांत जसेच्या तसे चढवण्याऐवजी फाइलीतला आकडा त्याच बातमीत, दुसऱ्याच परिच्छेदात द्यावा, एवढे पुरते. नेत्याच्या कार्यालयाला आधार विचारावा, त्यांनी काय पाठवले किंवा मुदतीत काहीच पाठवले नाही, ते छापावे. छापण्यापूर्वी दुसऱ्या सहकाऱ्याने, नुसत्या दुव्यांवरून, आकडेमोड स्वतः करून बघावी. त्याला वेगळे उत्तर आले तर पडताळणी थांबवावी.

आणि अपेक्षा योग्य ठेवावी. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ ब्रेंडन नायहन आणि सहकाऱ्यांनी ट्रम्प यांच्या २०१६च्या प्रचारातल्या दाव्यांवर केलेल्या प्रयोगांत, दुरुस्ती वाचल्यावर समर्थकांचीही त्या विषयातली माहिती सुधारली. नेत्याबद्दलचे मत मात्र जवळपास तसेच राहिले. यावरून पडताळणी वाया जाते असे म्हणणारे तिच्याकडून निवडणूक जिंकण्याची अपेक्षा करतात. तिचा परिणाम मोजायचा तर मतपेटीत नव्हे, सभागृहाच्या कार्यवृत्तात मोजावा. पडताळणी झाल्यानंतरच्या अधिवेशनात त्या मंत्र्याने किंवा विरोधी पक्षनेत्याने तेच वाक्य पुन्हा उच्चारले का, आकडा बदलला का, ‘पात्र’ हा शब्द जोडला का, वर्ष सांगितले का. ही नोंद वर्तमानपत्रांनी मूळ पडताळणीखालीच तारखेनिशी वाढवत न्यावी, आणि स्वतःची चूक निघाली तर तिची दुरुस्तीही त्याच पानावर, मूळ मजकूर न पुसता, वरच्या भागात द्यावी.